महिषाचा चेहरा

मित्रांनो, तुम्ही मला पाहून हात जोडता, माझ्या खालच्या काठाला कुंकू लावता. तुमची भक्ती खरी आहे, म्हणून मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. मी देवीचा जुना कापडी पट आहे आणि माझा जन्म सुडासाठी झाला.

भोकरदनच्या बाजूला केळणा नदीच्या काठी बोरखडी नावाचं गाव आहे. तिथली देवी म्हणजे शेंदूर लावलेली नुसती शिळा. तिला हात नाहीत, शस्त्रं नाहीत, वाहन नाही. म्हणून नवरात्रात तिच्या मागच्या भिंतीवर रंगवलेला पट टांगायची रीत होती. शिळेत जे दिसत नाही ते लोकांना पटावर दिसावं. माझ्या आधीचा पट वाळवीने खाल्ला आणि देवीची भिंत रिकामी झाली. ती रिकामी भिंत एका बाईने हेरली.

तेव्हा आपला सगळा मुलूख निजामाचा होता. मी जुन्या जालन्यातल्या एका विणकराच्या मागावर विणलेलं जाडंभरडं सुती कापड होतो. राधाकिसन नावाच्या चिताऱ्याने मला विकत आणलं. त्याने चिंचोक्यांच्या खळीत खडूची पूड कालवली, तिचे थर माझ्या अंगावर चढवले, उन्हात वाळवलं आणि मग गुळगुळीत गोट्याने मला घासायला घेतलं. दिवस दिवस तो घासत असे. कापड चकचकीत झाल्याशिवाय रंग बसत नाही, हे मला नंतर समजलं. तेव्हा मला फक्त राग येत होता. राग ही माझी पहिली आठवण आहे.

असाच मी जमिनीवर अंथरलेला असताना गोजरबाई आली. दारात तिचं तट्टू उभं होतं आणि त्याच्या पाठीवर काळ्या घोंगड्यांचा भारा होता. उंच, वाळलेली, कपाळ मोकळं. ती उंबऱ्यावरच बसली.

"देवीचा पट पाह्यजे. बोरखडीच्या देवीला बोलले मी, नवस हाय," ती म्हणाली. "घोंगड्या आणल्यात. पसंत पडल्या तर ठेवा."

"कोणतं रूप काढू?" राधाकिसनने विचारलं.

"महिषासुर मारतानाचं. आन् रेड्याच्या मानेतून जो वर निघतो, त्याचं तोंड मी सांगीन तसं काढायचं."

"राक्षसाचं तोंड ठरलेलं असतंय बाई. वटारलेले डोळे, सुळे, हिरवा रंग."

"सुळे नकोत. माणसाचं तोंड पाह्यजे."

राधाकिसनने हातातला गोटा खाली ठेवला. मग ती सांगत गेली आणि आम्ही दोघे ऐकत गेलो.

गोजरबाईचं घर मेंढरं राखणारं. तिच्या नवऱ्याचं नाव भुजंग. बोरखडीच्या देवळामागे गायरान होतं आणि पिढ्यानपिढ्या गावाची गुरं-मेंढरं तिथे चरत होती. गावचा पाटील इंद्रभानराव याने त्या गायरानात हळूहळू आपला नांगर घातला. कुणी बोललं नाही. पुढे महसुलाचा गिरदावर गावात आला. चावडीपुढे माणसं जमली. ही जमीन कुणाची, असं गिरदावराने विचारलं तेव्हा सगळे खाली बघू लागले. भुजंग उभा राहिला. "साहेब, हे बिलकुल गायरान हाय," तो म्हणाला. "पाटलाचा नांगर आत्ता फिराया लागलाय." गिरदावर हसला. पाटीलही हसला. दुसऱ्या दिवशी भुजंग देवळाच्या बारवेत मेलेला सापडला.

पंचनाम्याला पोलिसांचा अमीन आला तो पाटलाच्याच ओट्यावर जेवला. पाय घसरून पडला, असं ठरलं. गोजरबाईने अमिनाचे पाय धरले. बारवेची एकेक पायरी त्याच्या ओळखीची होती, त्याच्या डोक्याला मागून मार आहे, एकदा बघा तरी, असं ती विनवत राहिली. अमिनाने बघितलं नाही. पाटलाने मात्र स्वतःच्या गाडीतून लाकडं पाठवली आणि सरणाजवळ उभा राहून तो हळहळला.

"कुणी पाह्यलं न्हाई का?" राधाकिसनने विचारलं.

"भर दुपारी बारवेवर एक बी माणूस नव्हता, असं होत न्हाई. पर गावात कुणाला डोळे न्हाईत."

"पट देवाचा असतोय, बाई," राधाकिसन म्हणाला. "त्याच्यात माणसाचं भांडण आणू नये."

"देवीनं मंग कुणाला मारायचं असतंय?" गोजरबाईने विचारलं.

राधाकिसनने उठून घोंगड्यांचा भारा आत घेतला.

भिंतीचं माप घ्यायला म्हणून तो बोरखडीला गेला. तिथे जे घडलं ते परत आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. इंद्रभानराव पाटलाने त्याला मानाने ओट्यावर बसवलं होतं. मेंढरंवाल्याची विधवा देवीला पट देतेय, म्हणजे ती निवळली, असं पाटलाला वाटत होतं. चहा झाला आणि पाटील म्हणाला, "चितारी, आलाच हायसा तर माझं बी एक चित्र काढून द्या. जरा रुबाब येऊ द्या त्याच्यात." मग पाटील नवा पटका बांधून समोर बसला, सकाळभर हलला नाही. डाव्या भुवईला मधोमध तोडणारा जुना व्रण, पुढे आलेला खालचा ओठ, वर वळवलेल्या मिशा, लहान कान. राधाकिसनने सगळं टिपलं. कागदावरचं चित्र पाटलाने चौकटीत घालून भिंतीला लावलं. त्याच चेहऱ्याची दुसरी प्रत राधाकिसन डोळ्यांत घेऊन जालन्याला आला.

मित्रांनो, आता माझ्याकडे नीट बघा. मधे देवी आहे. तिला आठ हात आहेत आणि प्रत्येक हातातलं शस्त्र वेगवेगळ्या देवाने दिलेलं आहे, कारण महिषासुराला मारणं कुणा एकट्याला जमलं नव्हतं. त्रिशूळ शंकराचा, चक्र विष्णूचं, वज्र इंद्राचं. एका हातात मात्र कमळ आहे. तिच्या पायाखाली रेडा आहे. राधाकिसन म्हणत असे, रेडा म्हणजे अशी ताकद, जिला कधी कुणी 'थांब' म्हटलेलं नाही. रेड्याचं मुंडकं तुटून पडलंय आणि मानेतून खरा राक्षस कमरेपर्यंत बाहेर आलाय. सोंग संपतं तेव्हाच तो मारला जातो. वरच्या एका कोपऱ्यात सूर्य आहे, दुसऱ्या कोपऱ्यात चंद्र. ते दोघे साक्षीदार. हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, निळीचा निळा आणि दिव्याच्या काजळीचा काळा, एवढ्या रंगांत हे सगळं उभं राहिलं.

डोळे नेहमी शेवटी काढतात. डोळे काढले की पटात देव येतो. त्या दिवशी गोजरबाई मुद्दाम आली. राधाकिसनने देवीचे डोळे काढले आणि ती पुढे झुकून बघू लागली.

"हिला राग का न्हाई?" तिने विचारलं. "ही तर हसतीय."

"देवी रागानं मारत न्हाई, बाई. त्रिशूळ छातीत, आन् तोंडावर हसू. तशीच रीत हाय. तिनं रागानं मारलं तर तिच्यात अन् त्याच्यात फरक राहात न्हाई."

"मंग माझा राग कुठं गेला?"

राधाकिसनने देवीच्या सिंहाकडे बोट केलं. सिंहाने राक्षसाच्या दंडात दात रोवले होते, पण त्याचे डोळे अजून कोरे होते. "बसा समोर," तो म्हणाला, "आन् पापणी हलवू नका."

ती बसली. त्याने तिच्याकडे बघत बघत सिंहाचे डोळे भरले. मला वाटतं, त्या घडीला माझ्यात देवी आली ती थोडी, आणि तो सिंह आला तो पुरा. आजही लोक मला देवीचा पट म्हणतात. मला स्वतःला विचाराल, तर मी त्या सिंहाचा आहे.

घटस्थापनेच्या दिवशी मला बोरखडीच्या देवळात टांगलं. रामराव गुरवाने माझ्यावर पांढरं फडकं सोडलं होतं आणि त्याची दोरी ओढायचा मान पाटलाचा होता. सगळं गाव जमलं होतं. इंद्रभानरावाने नारळ फोडला, जयजयकार केला आणि दोरी ओढली.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. तुटलेली भुवई, पुढे आलेला ओठ, वळलेल्या मिशा, आणि छातीत त्रिशूळ.

पाटलाची बायको द्वारकाबाई पहिल्या रांगेत ओटीचं ताट घेऊन उभी होती. रोज घरच्या भिंतीवर ती तोच चेहरा बघत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मागच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मेंढरंवाल्यांच्या घोळक्यात गोजरबाई हात जोडून उभी होती.

पाटलाला काहीतरी बोलणं भाग होतं. हा माझा चेहरा आहे असं तो म्हणाला असता, तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता, की तुझा चेहरा तिथे कशासाठी?

"चांगला काढलाय," तो म्हणाला, आणि फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिला.

मित्रांनो, मला त्या वेळी जो आनंद झाला तो मी कधी विसरणार नाही. दसऱ्यापर्यंत रोज दोन वेळा आरती होत असे आणि मानकरी म्हणून त्याला रोज दोन वेळा माझ्यासमोर उभं राहावं लागे. नवरात्र संपलं की मला गुंडाळून, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून, देवळाच्या माळ्यावर ठेवत. वर्षभर मी अंधारात पडून असे, आणि एकाच गोष्टीची वाट बघे. पुन्हा घट बसतील, आणि तो पुन्हा माझ्यासमोर येईल.

त्याने उपाय केले. रामराव गुरवाला सांगून त्याने असा लांब हार घालायला लावला, की झेंडूच्या फुलांखाली राक्षसाचं तोंड झाकून जावं. गोजरबाई सकाळी दर्शनाला आली आणि तिने हार उचलून देवीच्या गळ्याशी आखूड केला. "गुरव, हार देवीला घालत्यात," ती शांतपणे म्हणाली. "रेड्याला कशाला?" रामराव दुसऱ्या दिवशी लांब हार घालायला धजावला नाही.

मग एका उन्हाळ्यात रंग उडालेत असं सांगून पाटलाने मला गाडीत घातलं आणि स्वतः जालन्याला नेलं. राधाकिसनने मला पसरून बघितलं.

"रंग तर बराबर हायत," तो म्हणाला.

"रंग हायत. ते रेड्याचं तोंड जरा बदला," पाटील म्हणाला.

"का?"

"बरं दिसत न्हाई."

"राक्षस हाय तो. बरा कशाला दिसंल?"

"तसं न्हाई. कुणासारखं तरी दिसतंय, असं लोक बोलून राह्यलेत."

"कुणासारखं?" राधाकिसनने कुंचला हातात घेतला. "तेवढं नाव सांगा पाटील. म्हंजे त्याच्यासारखं दिसणार न्हाई असं मी जल्दी करून देतो."

पाटलाने मला स्वतःच्या हाताने गुंडाळलं. गुंडाळताना त्याने राक्षसाचं तोंड आतल्या बाजूला घेतलं आणि वरून दोरी करकचून आवळली. ते आवळणं मला गोड लागलं.

पुढल्या नवरात्राला तो मिशा काढून आला. आजवर ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं त्यांच्याही तेव्हा लक्षात आलं. माणसं त्याच्या तोंडाकडे बघत, मग माझ्याकडे बघत, आणि शेतात गेल्यावर हसत. त्यानंतर त्याने आरतीला येणं सोडलं. अंगात कणकण आहे असा निरोप येऊ लागला. पण गावावरची त्याची पकड तशीच होती. नांगर गायरानातच फिरत होता. भुजंगचं नाव कुणी मोठ्याने घेत नव्हतं. लोक माझ्याकडे बघून हसत आणि पाटलाला रामराम घालत. त्या लोकांचाही मला राग येई. मी त्यांच्यासाठी एक गंमत झालो होतो.

अशी बरीच वर्षं गेली. पाटलाची धाकटी मुलगी नंदा लग्नाची झाली. तिला बघायला नवरात्रातच घनसावंगीकडचे पाहुणे येणार होते आणि पाहुणे आले की देवीच्या दर्शनाला येणारच. मी भिंतीवर असलो तर त्यांनी विचारलं असतं, हा चेहरा कुठे पाहिलाय. म्हणून इंद्रभानरावाने त्याच्या जुन्या सालगड्याला, कडूबाला, बोलावलं आणि मला जाळून टाकायला सांगितलं. उंदरांनी खाल्ला असं गावाला सांगायचं ठरलं.

रामराव शेतात गेलेला बघून कडूबाने मला माळ्यावरून काढलं, खांद्यावर टाकलं आणि नदीच्या पात्रात नेलं. थोडा काडीकचरा गोळा केला. नीट जळावं म्हणून त्याने मला उलगडलं आणि काडी ओढली.

चंद्राच्या कोपऱ्याने पेट घेतला. मित्रांनो, खळ लावलेलं कापड लवकर जळतं. चंद्र गेला, त्याच्या खालचा ढग गेला, आणि ज्वाळा देवीच्या हातातल्या चक्राकडे सरकू लागली. तेव्हा कडूबाने राक्षसाच्या तोंडाकडे बघितलं, मग वर उरलेल्या साक्षीदाराकडे, सूर्याकडे बघितलं. काय झालं त्याला ते मला सांगता येणार नाही. तो एकदम माझ्यावर पडला आणि नुसत्या हातांनी आग दाबू लागला. हिंगूळ आणि हरताळ त्याच्या तळव्यांना चिकटले, कातडी सोलून निघाली, तरी त्याने हात काढले नाहीत. आग विझल्यावर तो वाळूत बसून राहिला.

तिथून तो मला घेऊन थेट गोजरबाईच्या मेंढवाड्यावर गेला. ती लोकर पिंजत बसली होती. त्याने मला तिच्यासमोर ठेवलं.

"गोजराबाय, मी पाह्यलं होतं," तो म्हणाला. "मी बारवेवर बैलं पाजाया गेल्तो. पाटलानं मागून कुऱ्हाडीच्या पाठीनं हाणलं. भुजंगनं एकदा वळून पाह्यलं, मंग खाली गेला. पाटील मला म्हणला, तू काय पाह्यलंस? मी म्हणलं, काय न्हाई."

गोजरबाईने लोकर बाजूला ठेवली. "इतकी वर्सं तू माझ्या दारावरून बैलं घेऊन जात होता," ती म्हणाली.

"माझी लेकरं पाटलाच्या खळ्यावर जगत होती."

"माझ्या लेकरानं काय खाल्लं, ते इचारलं का कधी?"

कडूबा रडू लागला. त्याचे हात भाजून लाल झाले होते आणि तो ते हवेत धरून बसला होता. गोजरबाईने त्याला पाणी विचारलं नाही. हातांना लावायला तेल दिलं नाही. मला ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "देवळात सांग. सगळे असतील तवा."

घट बसले त्या दिवशी इंद्रभानराव कितीतरी वर्षांनी देवळात आला. पाहुणे त्याच्यासोबत होते, नंदा आईच्या शेजारी उभी होती. रात्रीच गोजरबाईने रामरावाकडून मला टांगून घेतलं होतं; भिंतीवर पांढरं फडकं सोडलेलं बघून पाटील थबकला. पण पाहुण्यांसमोर मागे फिरता येईना. आज दोरी पाटलाच्या हातात नव्हती, गोजरबाईच्या हातात होती. तिने ती ओढली.

जळका कोपरा घेऊन मी पुन्हा समोर आलो. आणि कडूबा हातांना चिंध्या बांधून पुढे झाला. त्याने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. बैलं, बारव, कुऱ्हाड, भुजंगचं वळून बघणं. शेवटी म्हणाला, "आन् ह्यो पट मला जाळाया सांगितला. हे माझे हात पाहा."

"पिऊन आलाय हा," पाटील म्हणाला. "काढा त्याला बाहेर."

कुणी हललं नाही. तेवढ्यात द्वारकाबाई बोलली. तिने ओटीचं ताट खाली ठेवलं होतं आणि नवऱ्याकडे न बघता ती देवीकडे बघत होती.

"त्या दिवशीचं ह्यांचं धोतर मी धुतलंय," ती म्हणाली. "रगत होतं. कोंबडं कापलं असं म्हणले. घरात कोंबडं कापलं नव्हतं."

पाटलाचं तोंड उघडं राहिलं. खालचा ओठ पुढे आला. त्या क्षणी त्याच्यात आणि माझ्यावरच्या चेहऱ्यात केसाचाही फरक नव्हता. नंदाने एकदा बापाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पाहुणे नमस्कार करून गेले ते जेवायलाही थांबले नाहीत.

तुम्हाला वाटेल, मग त्याला फाशी झाली. नाही झाली. गोजरबाई भोकरदनच्या ठाण्यात गेली, कडूबाने तिथेही सांगितलं, पण इतक्या जुन्या गोष्टीत कुणी हात घालायला तयार नव्हतं. जे व्हायचं ते गावातच झालं. लोकांनी त्याला रामराम घालणं सोडलं. तो पारावर आला की माणसं उठून जात. पाटीलकी भाऊबंदांकडे गेली. गायरानातला नांगर निघाला आणि गोजरबाईचा मुलगा तिथे मेंढरं घेऊन गेला. इंद्रभानराव नवीन जालन्यात स्टेशनजवळ एका खोलीत जाऊन राहिला. पुढे भारताची फौज आली, निजामाचं राज्य गेलं आणि त्याच धामधुमीत तो तिकडेच मेला. बायको गेली नाही. गावातलं कुणी गेलं नाही.

बातमी आली तेव्हा गोजरबाईने रामरावाकडून मला माळ्यावरून काढवलं. नवरात्र नव्हतं, काही नव्हतं. मी तिच्यासमोर पसरलो होतो आणि ती त्या चेहऱ्याकडे बघत बसली होती. माझ्या मनात होतं, आता ती हसेल. ती हसली नाही. तेवढ्यात नंदा आली.

तिचं लग्नाचं वय आता उलटून गेलं होतं. त्या दिवसानंतर तिला कुठूनच मागणं आलं नव्हतं. तिच्या डाव्या भुवईवर व्रण नव्हता, पण ओठ बापाचा होता, कान बापाचे होते. नदीवर बायका तिला पाहून कुजबुजत. रेड्याची लेक म्हणत.

"गोजरमावशी," ती म्हणाली, "ते तोंड माझं बी हाय."

गोजरबाईने वर बघितलं. इतक्या वर्षांत तिने त्या पोरीकडे नीट बघितलं नव्हतं. मीही बघितलं नव्हतं.

"तुझं तोंड काढा, असं मी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"ठाऊक हाय मला. पर आरशात तेच दिसतंय."

"पुसून टाकू म्हणतीस का?"

मी घाबरलो. राधाकिसन अजून जिवंत होता. हिंगुळाचा एक हात फिरवला असता, तर माझं सगळं आयुष्य पुसलं गेलं असतं.

नंदाने मान हलवली. "पुसलं तर लोक म्हणतील, खोटं होतं. बापानं केलं ते केलं. राहू द्या तसंच. नवरात्रात दोरी मला ओढू द्या. लोकांनी मागं बोलण्यापेक्षा समोर बघावं. हा बाप होता, आन् ही मी हाय."

गोजरबाईच्या डोळ्यांत अजूनही तेच होतं, जे सिंहाच्या डोळ्यांत आहे. मग ती म्हणाली, "तुझ्या घरचं पाणी मी पिणार न्हाई. मरेपर्यंत न्हाई. पर दोरी तू ओढ."

आणि तसंच झालं. त्या वर्षी घट बसले तेव्हा इंद्रभानरावाच्या मुलीने सगळ्या गावासमोर फडकं ओढलं आणि त्या चेहऱ्याखाली आपला चेहरा वर करून ती उभी राहिली. कुणीतरी हसायला सुरुवात केली होती. गोजरबाईने मागे वळून त्याच्याकडे बघितलं आणि तो गप्प झाला.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने पट तुम्हाला सांगतील की आम्हाला ओल लागू देऊ नका, वाळवीपासून जपा, उन्हात टांगू नका. तेही करा. पण माझा राग अजून निवला नाही, आणि तो आता पाटलावर उरलेला नाही. तो त्या दुपारवर आहे. बैलं पाजायला आलेल्या एका माणसाने सगळं पाहिलं होतं. रक्ताचं धोतर धुणाऱ्या एका बाईने सगळं ओळखलं होतं. चावडीपुढच्या सगळ्या गावाला गायरान कुणाचं ते ठाऊक होतं. डोळ्यांनी पाहिलेलं तोंडात दाबून ठेवू नका. त्या दिवशी, उन्हं उतरायच्या आत, एक माणूस जरी बोलला असता, तरी एका बाईला आपला राग चिताऱ्याकडे न्यावा लागला नसता आणि एका मुलीला बापाचा चेहरा घेऊन लोकांसमोर उभं राहावं लागलं नसतं. मी मग जालन्याच्या बाजारात एक साधं कापड म्हणून विकला गेलो असतो, कुणाच्या तरी अंगावर फाटलो असतो, आणि मला त्याचं काहीच वाईट वाटलं नसतं.